प्रश्न विचारायचा कुणाला?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९३४ साली मुंबईत एक खटला चालला. आरोपी होते 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गुन्हा काय, तर वाचकांनी पत्रं पाठवून काही प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी आपल्या मासिकात त्यांना उत्तरं दिली. प्रश्न हस्तमैथुनाविषयी होते, समलिंगी आकर्षणाविषयी होते. डिसेंबर १९३३ च्या अंकातली ही प्रश्नोत्तरं अश्लील आहेत, असा सरकारपक्षाचा आरोप होता.

या खटल्याची आठवण आपल्याकडे अधूनमधून निघते. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट २००१ साली आला, पुढे अजित दळवींचं 'समाजस्वास्थ्य' हे नाटकही आलं. विचारस्वातंत्र्याच्या इतिहासात या खटल्याला मानाचं पान मिळालं आहे आणि ते योग्यच आहे. परंतु मला आज बोलायचं आहे ते त्या पत्रलेखकांविषयी. ज्या संपादकाला आपण कधी पाहिलेलंही नाही, त्याला मनातली सर्वांत अवघड गोष्ट पत्रातून कोण विचारतो? ज्याला घरात विचारता येत नाही, शाळेत विचारता येत नाही आणि मित्रांत विचारायची भीती वाटते, तो.

मी इतिहासाचा शिक्षक आहे, डॉक्टर नाही. पण ज्या मुलामुलींचं आकर्षण चारचौघांसारखं नसतं, किंवा ज्यांचं शरीर एक सांगतं आणि मन दुसरंच, अशा कुमारवयीन मुलांच्या मनःस्वास्थ्याचा विषय निघतो, तेव्हा मला त्यात इतिहास दिसतो. या मुलांना गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपला प्रश्न कुणाला विचारता आला आणि उत्तर काय मिळालं, याचा तो इतिहास आहे.

बाबासाहेबांनी कर्व्यांची बाजू मांडताना हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांचा आधार घेतला. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं ते अश्लील ठरत नाही, हा त्यांचा एक मुद्दा. आणि लोक प्रश्न विचारत असतील, त्यांच्या मनात गैरसमज असतील, तर ते ज्ञानानंच दूर होतील, हा दुसरा. युक्तिवाद बिनतोड होता, तरी निकाल विरुद्ध गेला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी तो भरला आणि १९५३ साली निधन होईपर्यंत मासिक चालवलं. पण प्रश्नाला उत्तर देणंसुद्धा गुन्हा आहे, हे न्यायालयात नोंदलं गेलं.

मग त्या काळी अशा मुलाला उत्तर देणारे आणखी कोण होते? पहिला होता कायदा. १८६० साली झालेल्या आणि १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडविधानातलं ३७७ वं कलम सांगत होतं की, हा गुन्हा आहे. दुसरं उत्तर वैद्यकशास्त्राचं. ते सांगत होतं की, हा आजार आहे. गुन्हेगार किंवा रोगी, दोहोंपैकी एक निवडायचं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरानं यातलं काय निवडावं?

सगळेच डॉक्टर मात्र तसं म्हणत नव्हते. मुंबईतल्या त्या खटल्यानंतर वर्षभरानं, एप्रिल १९३५ मध्ये, व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे एका अमेरिकन आईचं पत्र आलं. आपल्या मुलाबद्दल ती लिहीत होती, पण मुलाला नेमकं काय झालंय तो शब्द तिनं कागदावर उतरवला नव्हता. फ्रॉइडनं ते ओळखलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हा दुर्गुण नव्हे आणि याला आजारही म्हणता येणार नाही, अशा आशयाचं उत्तर त्यानं पाठवलं. मुलगा मनातल्या ओढाताणीनं दुःखी असेल, तर मनोविश्लेषणानं त्याला शांतता मिळू शकेल, मग त्याचं आकर्षण बदलो वा न बदलो, असंही त्यानं लिहिलं. हे पत्र छापून आलं ते १९५१ साली, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्याच नियतकालिकात.

आणि गंमत बघा, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५२ साली, त्याच अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं मानसिक आजारांची आपली पहिली अधिकृत यादी काढली, तीत समलैंगिकतेला आजार म्हणून जागा दिली. एकदा आजार म्हटलं की उपचार आलेच. विजेचे झटके, मळमळ आणणारी औषधं, हार्मोन्सची इंजेक्शनं. पोराला दवाखान्यात घेऊन जाणारे आईबाप दुष्ट नव्हते. डॉक्टर सांगेल ते खरं, असं मानणारे ते साधे लोक होते. मुलं मात्र त्यातून बरी होऊन आली नाहीत, घाबरून आली.

हे उत्तर चुकीचं आहे, हे दाखवून दिलं एका बाईनं. मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हुकर लॉस एंजेलिसला शिकवत होत्या. त्यांच्या एका समलिंगी विद्यार्थ्यानंच त्यांना गळ घातली की, तुम्ही आमचा अभ्यास करा. हुकरना एक साधी गोष्ट खटकली. तोवरचे सगळे निष्कर्ष तुरुंगातल्या कैद्यांवरून आणि दवाखान्यातल्या रुग्णांवरून काढलेले होते. इस्पितळात बसून पाहिलं तर सगळं जग आजारीच दिसणार! त्यांनी नोकरी-धंदा करून सरळ आयुष्य जगणारे तीस समलिंगी आणि तीस भिन्नलिंगी पुरुष निवडले. शाईच्या डागांची प्रसिद्ध चाचणी आणि इतर चाचण्या घेतल्या आणि नावं झाकून सगळे कागद नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवले. यातला कोण कुठला ते सांगा, म्हणाल्या. तज्ज्ञांना ते ओळखता आलं नाही. हा अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध झाला.

तरीही यादी बदलायला आणखी सोळा वर्षं लागली. १९७२ साली डॅलसच्या अधिवेशनात जॉन फ्रायर नावाचे मनोविकारतज्ज्ञ चेहऱ्यावर मुखवटा चढवून आणि आवाज बदलून व्यासपीठावर आले. मी समलिंगी आहे आणि मी मनोविकारतज्ज्ञही आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. नाव सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. ज्या शास्त्रानं इतरांना मन मोकळं करायला शिकवायचं, त्या शास्त्राच्या माणसाला मुखवटा घालावा लागला. पुढच्या वर्षी, १५ डिसेंबर १९७३ रोजी, त्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं ती काढली १७ मे १९९० रोजी.

इथं एक तपशील मुद्दाम सांगतो, कारण तो थेट आपल्या विषयाशी भिडतो. जागतिक संघटनेच्या त्या सुधारित यादीतही एक शेपूट राहून गेलं होतं. आपला लैंगिक कल किंवा आपली लिंगओळख काय, याबद्दल अनिश्चितता वाटून ज्याला चिंता किंवा नैराश्य येतं, त्याला 'लैंगिक परिपक्वतेचा विकार' असं नाव दिलेलं होतं आणि हे बहुधा कुमारवयात दिसतं, असंही म्हटलं होतं. म्हणजे मोठ्यांचा आजार रद्द झाला, पण गोंधळलेल्या मुलाचा गोंधळ मात्र आजारच राहिला. २०१९ साली मंजूर होऊन २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत हा विकार वगळला गेला. पारलिंगी व्यक्तींची अवस्थाही त्याच वेळी मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर आली.

आता कुणी विचारेल की, आजार नाही म्हणता, तर मग ही मुलं इतकी खचलेली का असतात? प्रश्न रास्त आहे. १९८९ साली अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं तरुणांच्या आत्महत्यांवर एक मोठा अहवाल काढला. त्यातल्या एका प्रकरणात समलिंगी मुलांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण इतर मुलांच्या दुपटी-तिपटीनं असल्याचं म्हटलं होतं. गदारोळ झाला. आकड्यांवर वाद झाले आणि खात्याच्या मंत्र्यांनी त्या प्रकरणापासून हात झटकले. पण पुढच्या काळात अनेक देशांत शाळकरी मुलांच्या पाहण्या झाल्या, तेव्हा या मुलांमध्ये नैराश्य आणि आत्मघाताचे विचार जास्त आढळतात, हे पुन्हा पुन्हा दिसलं.

यावर दोन प्रकारे बोलता येतं. एक म्हणजे, बघा, त्यांच्यात मुळातच काही बिघाड आहे. दुसरं म्हणजे, बघा, त्यांना आपण कसं वागवतो आहोत. २००३ साली आयलन मायर या संशोधकानं दुसऱ्या बाजूची नीट मांडणी केली. अल्पसंख्य माणसाला रोजचा जगण्याचा ताण तर असतोच, वर त्याच्या अल्पसंख्य असण्याचा वेगळा ताण असतो. कधी अपमान होतो, कधी होईल म्हणून धास्ती असते, स्वतःला लपवण्याची कसरत असते आणि हळूहळू लोक म्हणतात तसेच आपण वाईट आहोत, असं स्वतःलाच पटायला लागतं.

मला या मांडणीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जातीवरून किंवा धर्मावरून मुलाला शाळेत कुणी हिणवलं, तर ते रडत घरी येतं. घरी आई असते, आजी असते. तिनं ते सगळं भोगलेलं असतं. ती त्याला कुशीत घेते आणि सांगते, बाळा, चूक तुझी नाही. समलिंगी मुलाला ही कूस मिळत नाही. ते स्वतःच्या घरातही अल्पसंख्यच असतं. घरातलं कुणी त्याच्यासारखं नाही आणि ज्या थट्टेनं ते बाहेर घायाळ होतं, तीच थट्टा रात्री जेवताना दूरदर्शन संचापुढे ऐकू येते. आपला आवाज, आपली चाल, आपली नजर, सगळ्यावर त्याला चोवीस तास पहारा ठेवावा लागतो. बारा-तेराव्या वर्षापासून असा पहारा देणारं मन थकणार नाही तर काय होईल?

म्हणूनच मला २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ ते २५ वर्षांच्या २२४ समलिंगी व उभयलिंगी तरुण-तरुणींना विचारलं की, कुमारवयात घरच्यांनी तुम्हाला कसं वागवलं? ज्यांना घरच्यांनी फार झिडकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, ज्यांना जवळपास झिडकारलंच नव्हतं त्यांच्या तुलनेत, आठ पटींहून अधिक होतं. तीव्र नैराश्य जवळजवळ सहा पट होतं. मुलं त्याच शहरांतली, त्याच कलाची. फरक घराच्या उंबऱ्याच्या आतला होता. आणि झिडकारणं म्हणजे केवळ हाकलून देणं नव्हे. टोमणे, मारहाण, मित्रांशी बोलायची बंदी, घराण्याच्या अब्रूचा धाक, त्याला 'सुधारण्या'चा प्रयत्न, हे सगळं त्यात आलं. थोडं झिडकारणाऱ्या घरांतल्या मुलांना धोका कमी होता, हेही त्यात दिसलं. म्हणजे आईबापांना सगळं एका रात्रीत पटलं पाहिजे असं नाही. त्यांनी दोन पावलं मागे घेतली तरी मुलाचा जीव सावरतो.

घराबाहेरच्या जगाचंही तसंच आहे. २०१७ साली अमेरिकेत आणखी एक अभ्यास आला. ज्या राज्यांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली, तिथं त्या कायद्यानंतर शाळकरी मुलांच्या आत्महत्येच्या प्रयत्नांत सुमारे सात टक्के घट दिसली आणि ती मुख्यतः याच मुलांमध्ये होती. नववी-दहावीतल्या पोरांना लग्नाच्या कायद्याशी काय देणंघेणं? मला वाटतं, मोठेपणी माझ्यासाठी या जगात जागा असेल का, या त्यांच्या न विचारलेल्या प्रश्नाला कुणीतरी जाहीरपणे उत्तर दिलं होतं.

आपल्याकडे काय घडत होतं? विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं. कॉलेजात शिकणारी मित्रा दुसऱ्या मुलीवर जीव लावते. तिचं ऐकून घेणारा एकच माणूस आहे, तिचा मित्र बापू. पण एकट्या बापूचा खांदा पुरत नाही आणि मित्रा शेवटी जीव देते. तेंडुलकरांनी हे लिहिलं तेव्हा मराठीत या विषयावर बोलायला धड शब्दही नव्हते. १९९० साली मुंबईत अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं, १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला, २००२ साली पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' आला आणि बिंदुमाधव खिरे यांनी मराठीतून, आईबापांना कळेल अशा भाषेत पुस्तकं लिहायला घेतली. कर्व्यांच्या काळात बंद झालेली खिडकी अशी हळूहळू किलकिली झाली. शाळेचं दार मात्र मिटलेलंच राहिलं. २००७ साली शाळांत लैंगिक शिक्षण आणण्याचा विषय निघाला, तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मोठा विरोध झाला. मुलांना प्रश्न पडतात यापेक्षा ते विचारले जातील, याचीच आपल्याला धास्ती जास्त!

कायद्याचा प्रवासही असाच अडखळत झाला. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरतं कलम ३७७ घटनाबाह्य ठरवलं, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठानं हे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून कायमचे बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून तर दंडविधान जाऊन नवी न्यायसंहिता आली, तीत हे कलमच नाही. लग्नाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारली गेली.

२०१८ च्याच मे महिन्यात २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला. रूढ नीतिकल्पनांशी माणूस जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही आणि लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येणार नाही, असं तो सांगतो. त्याच वर्षी भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही समलैंगिकतेला आजार मानणं थांबवा, असं जाहीर केलं.

यानंतरचा एक प्रसंग मला फार हृद्य वाटतो. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे दोन तरुणींचं प्रकरण आलं. घरच्यांच्या विरोधामुळं मदुराई सोडून त्या चेन्नईला आल्या होत्या आणि त्यांना संरक्षण हवं होतं. या विषयाची आपल्याला पुरेशी जाण नाही, असं न्यायमूर्तींनी मोकळेपणानं सांगितलं आणि ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, समजून घेतलं, मगच निकाल दिला. लैंगिक कल 'बदलण्या'च्या उपचारांना त्यांनी बंदी घातली आणि शाळांनी, पालकांनी काय करावं याचे निर्देश दिले. त्याला धरून राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ साली असे उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. १९३४ साली प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याला न्यायालयानं दंड केला होता. सत्त्याऐंशी वर्षांनी एक न्यायाधीश स्वतःच प्रश्न विचारायला निघाला.

मग आता सगळं झालं का? नाही. हा निकाल वर्गात शिकवताना मागच्या बाकांवरून अजूनही खिदळणं ऐकू येतं, आणि त्याच वेळी एखादा विद्यार्थी वहीतून मान वर काढत नाही. लेकराला बाबा-बुवाकडे न्यायचं, देवऋषी करायचा, नाहीतर 'लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल' म्हणायचं, हे अजून चाललेलंच आहे. अशा लग्नात दोन आयुष्यं पणाला लागतात आणि त्या दुसऱ्या आयुष्याला कुणी विचारलेलंही नसतं.

कायद्यानं जे करायचं ते बऱ्याच अंशी केलं, वैद्यकशास्त्रानं आपली यादी दुरुस्त केली. उरलं आहे ते आपलं घर. तुमचा मुलगा किंवा मुलगी कधी अडखळत असं काही बोललीच, तर लगेच उत्तर द्यायची गरज नाही. 'बरं झालं सांगितलंस' एवढं म्हणता आलं तरी पुष्कळ आहे. धक्का बसला असेल तर तो मुलासमोर काढू नका, जाणत्या समुपदेशकाकडे तुम्ही स्वतः जा. तो डॉक्टर बदलून देतो म्हणाला, तर उठून या. आणि मूल अबोल झालं, जेवणातून, अभ्यासातून त्याचं मन उडालं, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, तर ते मनावर घ्या, त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक आहे १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहेच.

हे नंबर कागदावर लिहून घरात सगळ्यांना दिसतील असे लावून ठेवा. का लावले, ते कुणाला सांगत बसू नका. ज्याला गरज असेल, तो वाचेल. या घरात प्रश्न विचारलेला चालतो, एवढं त्याला त्यावरून कळलं तरी पुरे.